वृद्धांसाठी सोबती रोबो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोबती रोबो म्हणजे माणसाचा आवाज, स्पर्श किंवा हालचाल ओळखून त्याला प्रतिसाद देणारे यंत्र. छत्रपती संभाजीनगरात रोबो म्हटले की वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत वेल्डिंग करणारा यांत्रिक हात डोळ्यांसमोर येतो. म्हणून वृद्धांचा रोबो म्हणजे पाणी आणून देणारा, धरून उठवणारा गडी, असा समज होतो. पण बहुतेक सोबती रोबोंना साधा तांब्याही उचलता येत नाही. जपानचे ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला ‘पारो’ पाहावा. ते पांढऱ्या मऊ केसांचे, पावणेतीन किलोच्या आसपास वजनाचे सीलचे पिल्लू आहे. कुरवाळले की ते डोळे मिटते, आवाज दिला की मान वळवते. यंत्र कुत्र्या-मांजराच्या रूपात असेल तर खऱ्या प्राण्याच्या वागण्याशी माणूस लगेच तुलना करतो आणि यंत्रातली उणीव त्याला खटकते. सील कोणी जवळून पाहिलेला नसतो, म्हणून सील निवडला. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तो विशेष वापरला जातो.

‘बोलायला कोणी मिळाले की वृद्धांचा प्रश्न सुटला’ हा दुसरा गैरसमज. एकटेपणा वेगळा आणि आपण कोणाच्या कामाचे उरलो नाही ही भावना वेगळी. भरल्या घरातही ती असते. जपानमधील ओसाकी येथे ४३,३९१ जणांना आयुष्यात ‘इकिगाई’, म्हणजे जगण्याचे प्रयोजन, आहे का, असे विचारून सात वर्षे पाठपुरावा केला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. प्रयोजनाने आयुष्य वाढते, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण प्रश्न दुर्लक्ष करण्याजोगा नाही, हे नक्की.

सर्वांत नुकसानकारक समज असा की, जो रोबो वृद्धांची जास्तीत जास्त कामे करील तो उत्तम. सगळेच यंत्राने केले तर उरलेसुरले कामही हातून जाते. रोबोने मदत मागावी, ही रचना अधिक शहाणपणाची. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात फुमिहिदे तानाका यांनी मुलांसाठी मुद्दाम चुकणारा रोबो वापरला. त्याला शिकवता शिकवता मुलेच शिकली. हे तत्त्व वृद्धांनाही लागू पडू शकते. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला; त्या पिढीचे कामगार आज निवृत्त आहेत. त्यांना ‘गोळी घेतली का?’ एवढेच विचारणारे यंत्र त्यांना रुग्ण ठरवते. ‘मशीनच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा?’ असे विचारणारे यंत्र त्यांना जाणकार मानते. हिमरू विणणाऱ्या कारागिराला नक्षीबद्दल किंवा आजीला धपाट्यांच्या पिठाचे प्रमाण विचारता येईल. मात्र उत्तर यंत्रातच पडून राहिले तर उपयोग नाही. ते नातवंडांपर्यंत, शिकाऊ कामगारापर्यंत गेले पाहिजे आणि त्यांचा प्रश्न परत आला पाहिजे.

‘म्हाताऱ्या माणसांना यंत्र झेपत नाही’ हेही सरसकट खरे नाही. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक विभागाने २०२२ मध्ये ‘एलीक्यू’ हा बोलका रोबो आठशेहून अधिक ज्येष्ठांना देण्याची योजना जाहीर केली. छत्रपती संभाजीनगरात खरी अडचण भाषेची आहे. या शहरात प्रमाण मराठीबरोबर मराठवाडी बोली आणि दखनीही चालते. म्हातारे माणूस थांबत थांबत बोलते. मध्ये श्वास घेतला की यंत्राला वाक्य संपल्यासारखे वाटते आणि ते मध्येच तोंड घालते. केंद्र सरकारचा २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ प्रकल्प भारतीय भाषांतील आवाज ओळखण्यावर काम करतो, पण बोली आणि थकलेले आवाज यांचे पुरेसे नमुने असल्याशिवाय असा रोबो घरात उपयोगी ठरणार नाही.

रोबो म्हणजे निरुपद्रवी खेळणे, हा शेवटचा समज. ऐकणारे यंत्र घरातले बोलणे साठवूही शकते. ते बोलणे कुठे जाते, कोण ऐकते, यंत्र बंद कसे करायचे, हे मराठीत समजावून सांगितले पाहिजे. पुण्या-बंगळुरूत राहणाऱ्या मुलांनी असे यंत्र परस्पर मागवून आई-वडिलांच्या खोलीत ठेवू नये. आधी त्यांना विचारावे आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर तो शब्द मानावा.