माळ्यावरील संगणक व घराण्याचा कुलवृत्तांत

गेल्या वैशाखांत आम्ही धाराशिवास वडिलोपार्जित घरीं गेलों असतां, माळा झाडतांना एक जड पेटी हातीं लागली. कै. काकांचा तो संगणक! एका कचेरीनें मोडींत काढलेलें तें यंत्र त्यांनीं विकत घेतलें होतें व त्यावरच घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला होता. कागदावरील प्रत वाळवीनें खाल्ली. उरल्या त्या सवापांच इंचांच्या फ्लॉपी. आजच्या संगणकांत त्या शिरावयास जागाच नाहीं. म्हणून जुन्या यंत्रासच जागें करणें प्राप्त झालें.

यंत्र सुरू झालें खरें. परंतु मराठीच्या जागीं पडद्यावर नुसतीं विचित्र चिन्हें उमटूं लागलीं. याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे.

त्या काळच्या यंत्रास आपली लिपि मुळींच येत नसे. मात्र त्याच्या पोटांत जादा कार्डें बसविण्यासाठीं खांचा ठेविलेल्या असत. आयबीएमच्या १९८१ च्या पीसींत त्या ५ होत्या, १९८३ च्या एक्सटींत ८. अशाच खांचेंत बसणारें ‘जिस्ट’ कार्ड पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें प्रचारांत आणिलें. त्याच्या मुळाशीं कानपूरच्या आयआयटींतील संशोधन होतें, व त्या कामांत श्री. मोहन तांबे अग्रभागीं होते. हें कार्ड असलें म्हणजे इंग्रजीसाठीं केलेल्या वर्डस्टारसारख्या प्रोग्रामांतही मराठी लिहितां येई. अक्षरांचे अंक ठरविणारी ‘इस्की’ पद्धति १९९१ सालीं भारतीय मानक झाली. कार्ड गप्प बसलें, कीं त्याच अंकांचीं यंत्र आपलीं परकीं चिन्हें काढतें.

मग आमचें कार्ड गप्प कां? पुतण्यानें वीज तोडून झांकण उघडलें. कार्डाच्या कडेच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्या पेन्सिलीच्या खोडरबरानें हलकेच पुसल्या. तरीही व्यर्थ! अखेरीस शेजारच्या खांचेंतील, मागाहून बसविलेल्या कार्डाकडे त्याचें लक्ष गेलें. प्रत्येक कार्डास यंत्रांत स्वतःचा पत्ता लागतो, आणि येथें दोघांचा पत्ता एकच होता. एकाच वाड्यांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले, तर टपालवाल्यानें पत्र कोणास द्यावें? त्या काळीं हा पत्ता हातानेंच बदलावा लागे. कार्डावर उभ्या असलेल्या बारीक सुयांवर एक चिमुकली टोपी असते. दुसऱ्या कार्डावरील ती टोपी पुतण्यानें एक घर सरकविली.

पुन्हां वीज दिली, आणि पडद्यावर प्रथम उमटलें तें ‘श्री’! पाठोपाठ सात पिढ्यांचीं नांवें आलीं. माहेरवाशिणींचीं नांवेंही काकांनीं गाळलीं नव्हतीं. ऐंशीच्या घरांतील काकू कांहीं न बोलतां चष्मा पुसूं लागल्या.

त्याच रात्रीं सर्व मजकुराच्या प्रती करून घेतल्या. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळें रूपांतरास फारसे कष्ट पडले नाहींत. पुढें कुलवृत्तांत छापून घरोघर धाडला.

आमच्या वाचकांच्या माळ्यांवरही अशा पेट्या असतील. भंगारवाल्याच्या हातीं देण्यापूर्वीं त्या एकदां उघडून पाहाव्या. जुनें यंत्र गेलें तर दुसरें कोठें तरी मिळेल. परंतु वडिलांच्या हातचा मजकूर एकदां गेला, कीं गेलाच.