घर अपुरे पडले तेव्हा

संगणकाच्या दुनियेत ‘मुक्त सॉफ्टवेअर’ नावाचा एक पंथ आहे. या पंथाची मंडळी आपली आज्ञावली कुलपात ठेवीत नाहीत. ज्याला हवी त्याने वाचावी, बदलावी, वाटावी. ‘ग्नोम’ ही त्यांचीच एक निर्मिती. २००६ साली गूगल कंपनीच्या उन्हाळी उमेदवारीसाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यांत बाईचा एकही नव्हता! बायकांना या कामाची गोडीच नसेल, असे कोणी म्हटले असते तर ते खपूनही गेले असते. पण ग्नोमवाल्यांनी खास स्त्रियांसाठी वेगळी हाक दिली, तेव्हा शंभर अर्ज आले आणि सहा जणींना काम मिळाले. दार उघडे असणे वेगळे आणि ‘या’ म्हणणे वेगळे, हे हळदीकुंकवाला जाणारी कोणतीही बाई सांगेल.

पुढे २०१० साली मरीना झुराखिन्स्काया यांनी हा उपक्रम नव्याने उभा केला. कॅरन सँडलर त्यांना येऊन मिळाल्या. या कॅरनबाई पेशाने वकील. हृदयविकारामुळे त्यांच्या छातीत एक यंत्र बसवलेले आहे. त्यातली आज्ञावली वाचायला मागितली, तर करणाऱ्यांनी ती दिली नाही. आपल्याच छातीत काय लिहिले आहे ते वाचायची सोय नाही, म्हणजे पाहा!

उपक्रमाची रीत साधी. मुलीने आपल्या घरी बसून, एखाद्या जाणत्याच्या हाताखाली तीन महिने काम करावे आणि विद्यावेतन घ्यावे. २०१४ च्या सुमारास ते ५,५०० डॉलर होते. चाळीस जणींची तुकडी धरली तर रक्कम २,२०,००० डॉलरवर जाते. २०१२ पासून इतर प्रकल्पही यात आले. देणगीदार त्यांचे, पण हिशेब सारा ग्नोम फाउंडेशनच्या वहीत.

घोटाळा झाला तो इथेच. मात्र अफरातफरीच्या अर्थाने नव्हे. मी एका वाचनालयाची कीर्द काही वर्षे लिहिली आहे, म्हणून मला तो चटकन उमगला. देणगीचे वचन चैत्रात मिळते, रक्कम भाद्रपदात येते आणि मधल्या काळात शिपायाचा पगार काही थांबत नाही. मुलींचे पैसे वेळेवर गेलेच पाहिजेत. कोणाचे घरभाडे त्यावर अवलंबून. तेव्हा देणगीदारांचे येणे बाकी असताना फाउंडेशन आपल्या गंगाजळीतून भरत राहिले. मार्च २०१४ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने याच उपक्रमाला समाजोपयोगी कामाचे पारितोषिक दिले, आणि एप्रिलात ग्नोम फाउंडेशनने निकडीचे नसलेले खर्च थांबवले! लगेच आवई उठली, की बायकांच्या कार्यक्रमाने संस्था बुडवली. पैसे बुडाले नव्हते, यायचे होते. पण येणे आणि बुडणे यांतला भेद समजून घेण्याइतका धीर टीकाकारांना कुठला?

मग स्वतःची वेगळी संस्था का काढू नये? अमेरिकेत ना-नफा संस्थेला करमाफी हवी तर प्राप्तिकर खात्याची मान्यता लागते, आणि त्या वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे अर्ज तिथे अडकून पडत. ग्नोमसाठीच आज्ञावली लिहिणाऱ्या ‘योर्बा’ या संस्थेने २००९ साली अर्ज केला. २०१४ साली उत्तर आले, ते नकाराचे! ही आज्ञावली कोणीही कशालाही वापरू शकतो, मग यात धर्मादाय ते काय, असा खात्याचा सवाल. (खुली विहीर धर्मादाय नव्हे, कारण चोरही पाणी पिईल!) साडेचार वर्षे थांबून तिसऱ्या तुकडीचे विद्यावेतन कोण देणार?

राहिला मार्ग आश्रयाचा. न्यूयॉर्कची ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ ही २००६ पासूनची संस्था. गिट, इंकस्केप, सांबा यांसारख्या प्रकल्पांना ती आपल्या छपराखाली घेई. प्रकल्पाचे पैसे वेगळ्या खात्यावर मांडायचे, करारावर सही आपण करायची, कराची विवरणपत्रे भरायची, आणि या कटकटीपोटी सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा दहावा हिस्सा घ्यायचा. दहावा हिस्सा ऐकून कोणी नाक मुरडेल. ज्याने परदेशात पैसे पाठवण्याचे कागद भरले आहेत तो मुरडणार नाही. योगायोग म्हणा, २०१४ साली कॅरनबाई ग्नोम सोडून याच संस्थेच्या संचालिका झाल्या होत्या. उपक्रमाचा स्वभाव जाणणारे माणूस नव्या घरात आधीच होते.

२०१५ साली स्थलांतर झाले. नाव बदलून ‘आउटरीची’ ठेवले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय, लॅटिन व आदिवासी समाजांतील उमेदवारांनाही दार उघडले, मग ते स्त्री असोत वा पुरुष. ग्नोमशी भांडण झाले नाही. माहेर तुटले नाही. विद्यावेतन पुढे ७,००० डॉलर झाले. भारतातल्या कितीतरी मुलींनी आपापल्या गावातून ते मिळवले. मरीना २०२२ साली वारल्या. दुसऱ्याच वर्षी उपक्रमाने हजार उमेदवार पूर्ण झाल्याचा सोहळा केला.