मधाला विरजण लावा!

मध साखरला की आपण एकच निष्कर्ष काढतो: भेसळ! परवा ऑफिसातली एक मैत्रीण याच संशयापायी अर्धा किलो मध सिंकमध्ये ओतायला निघाली होती. मी तो चक्क मागून घेतला. मला तो हवाच होता, विरजणासाठी.

हो, विरजणच. पण आधी थोडी केमिस्ट्री. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या मुख्य शर्करा, आणि पाणी साधारण १७-१८ टक्के. एवढ्याशा पाण्यात सगळं ग्लुकोज विरघळून राहू शकत नाही, ते कणाकणाने वेगळं होतं. सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, त्यामुळे तो काही आठवड्यांतच गोठतो. आपला सोलापूर-धाराशिव-लातूर पट्टा तर एकेकाळी सूर्यफुलाने पिवळाधमक असायचा. तेव्हा मध थिजला म्हणून मधपाळाला फोनवर झापू नका. बिचाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, तेही काही चूक नसताना. (साखरलेला म्हणजे हमखास शुद्ध, असंही नाही हं! काही पाक नेहमीच्या प्रयोगशाळा तपासण्याही चुकवतात, हे २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने दाखवलं. तिथे आपली काडेपेटी आणि पाण्याचा ग्लास काय करणार?)

खरी तक्रार असते ती जिभेला लागणाऱ्या जाड रव्याची. मध आपल्या मर्जीने, सावकाश गोठला की कण मोठे होतात. त्याला सुरुवातीलाच असंख्य बारीक कण दिले, तर ग्लुकोज त्या सगळ्यांवर थोडं थोडं बसतं आणि मध लोण्यासारखा होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे एल्टन डाइस यांनी या पद्धतीचं १९३५ मध्ये पेटंट घेतलं. आपल्या आज्या दुधाच्या बाबतीत तेच करत होत्या, फक्त पेटंट न घेता!

आता कृती. एक किलो पातळ मध घ्या. त्यात आधीच कण दिसत असतील तर बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मध स्वच्छ होऊ द्या. थेट गॅसवर नाही आणि उकळायचा तर अजिबात नाही, सगळा सुगंध जातो. मग पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी घाईवाल्यांसाठी कठीण, पण कोमट मधात विरजण विरघळून जातं आणि मेहनत पाण्यात. तोवर शंभर ग्रॅम साखरलेला मध खलबत्त्यात छान घोटा. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. रवा लागला तर अजून घोटा. तो गार मधात मिसळून लाकडी चमच्याने हलक्या हाताने ढवळा. मिक्सर नको, हवा शिरून फेस येतो.

पुढचा प्रश्न सोलापूरचा! या मधाला आठवडाभर १४ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. मे महिन्यात आपल्याकडे किचनमध्येच चाळीस, तेव्हा हा उद्योग गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत करावा. तरी दुपार तापतेच. म्हणून घट्ट झाकणाची बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवायची, शेजारी गार पाण्याच्या बाटल्या आणि एक साधा थर्मामीटर. सकाळी ऑफिसला निघताना आणि रात्री आल्यावर बाटल्या बदलायच्या. एवढी उठाठेव नको असेल तर फ्रिजचा भाजीचा कप्पा. तिथे थंडी जास्त, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण जमतं.

एक सावधगिरी: फार पातळ, पाणचट मध या कामाला घेऊ नका. ग्लुकोज गोठलं की उरलेला द्रव आणखी पातळ होतो आणि मध आंबतो. आग्यामोहाच्या मधात ओल बरेचदा जास्त असते, तो तसाच खावा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध, कुठलाही, चाटवू नये.

तयार मध चमच्यावरून ओघळत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. कडक भाकरीच्या तुकड्यावर फासा आणि खुशाल हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लॅपटॉप उघडून खा, कीबोर्ड चिकट होणार नाही. शेंगापोळीवर तर काय लागतो म्हणून सांगू! उन्हाळ्यात मात्र बरणी फ्रिजमध्येच, नाहीतर मध पुन्हा पातळ होईल. आणि तळाचा शंभर ग्रॅम कुणालाही देऊ नका, पुढच्या किलोसाठी तोच लागणार आहे.