पाईपवर ‘१० किलो’ लिहिलंय, कंप्रेसर ८ किलोचा. मग हवेसाठी पीव्हीसी पाईप का नको?

घराच्या शेडमध्ये किंवा पार्किंगमध्ये छोटं गॅरेज सुरू केलं की आज ना उद्या एअर कंप्रेसर येतोच. टायरमध्ये हवा भरायला, स्प्रे पेंटिंगला, घट्ट बसलेले नट खोलायला तो लागतोच. कंप्रेसर एका कोपऱ्यात आणि काम दुसऱ्या कोपऱ्यात, म्हणून भिंतीवरून पाईप फिरवायचं ठरतं. हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे पाण्याचा पीव्हीसी पाईप. कापा, सोल्युशन लावा, चिकटवा, झालं!

हिशोबही बरोबर वाटतो. पाईपवर १० किलोचा दाब छापलेला असतो आणि कंप्रेसर ८ किलोला बंद होतो. मग हरकत काय?

हरकत अशी की पाईपवरचा आकडा पाण्यासाठी आहे, हवेसाठी नाही.

हवा आणि पाणी यांत नेमका फरक काय?

पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही. ८ बार, म्हणजे साधारण ८ किलो दाबाखाली एक लिटर पाणी अर्धा मिलिलिटरसुद्धा कमी होत नाही. त्यामुळे पाण्याचा पाईप फुटला तर दाब क्षणात उतरतो. भिंत भिजते, विषय संपतो.

हवेचं तसं नाही. त्याच दाबाला एक लिटर जागेत बाहेरची सुमारे नऊ लिटर हवा कोंबलेली असते, एखाद्या दाबलेल्या स्प्रिंगसारखी. एक लिटर पाण्यापेक्षा तिच्यात हजारो पट जास्त ऊर्जा साठलेली असते. पाईपला तडा गेला की ती सगळी एकदम सुटते आणि मागून टाकीतली हवाही धावत येते.

त्यात पीव्हीसी ठिसूळ. लोखंड किंवा तांबं बहुतेक वेळा एका जागी फाटतं आणि तिथून हवा निघून जाते. पीव्हीसीचे मात्र काचेसारखे धारदार तुकडे होऊन उडतात. अमेरिकेत अशा पाईपचा तुकडा लागून कामगार जखमी झाल्यानंतर तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेने, ‘ओशा’ने, मे १९८८ मध्येच जमिनीवरच्या हवेच्या लाईनसाठी पीव्हीसी वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता.

“आमच्याकडे तर वर्षानुवर्षं चालतोय!”

हे ऐकायला मिळतंच, आणि ते खोटंही नसतं. पीव्हीसी पहिल्या दिवशी फुटत नाही. आपल्याकडे पाण्याच्या पीव्हीसी पाईपवरचा दाब २७ अंश तापमान धरून ठरवलेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात तापमान त्याच्या बरंच वर जातं आणि कंप्रेसरमधून निघणारी हवा तर आणखी गरम असते. पाईप जितका तापतो, तितकी त्याची ताकद घटते. उन्हाने तो ठिसूळ होतो, कंप्रेसरची काही सिंथेटिक तेलं प्लास्टिक कमकुवत करतात. मग एक दिवस शिडीचा किंवा पान्याचा धक्का लागतो. फुटण्याआधी गळती दिसेलच असं नाही.

सीपीव्हीसीलाही हेच लागू आहे. गरम पाण्याला चालतो म्हणून तो हवेला चालत नाही.

मग कोणता पाईप घ्यायचा?

- नुसता रबरी एअर होज: काम एकाच गाडीपुरतं असेल तर १० मीटरचा चांगला होज पुरतो. पाईपलाईनची गरजच नाही.
- जीआय पाईप: कुठल्याही गावात मिळतो, प्लंबर आटे पाडून देतो. निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा घ्या. वजनदार असतो आणि आतून गंजतो, त्यामुळे पेंटिंग करणाऱ्यांना फिल्टर लागतोच.
- तांब्याचा पाईप: गंजत नाही, हवा लवकर थंड करतो. एसी मेकॅनिक जोड देऊ शकतो. महाग आहे.
- कॉम्पोझिट पाईप: आत-बाहेर पॉलिथिन, मध्ये ॲल्युमिनियमचा थर. गंजत नाही, हाताने वाकतो. मात्र कंपनीने दाबाच्या हवेसाठी चालेल असं लिहून दिलेलाच घ्या.
- ॲल्युमिनियमची तयार लाईन: हलकी, स्वच्छ, स्वतः जोडता येते. घरगुती बजेटला जड जाते.

जाडी किती? घरगुती कंप्रेसरला अर्धा इंच पुरतो. लाईन लांब असेल किंवा पुढे मोठा कंप्रेसर घ्यायचा असेल तर पाऊण इंच.

लाईनमध्ये पाणी येणारच

हवेतली वाफ दाबाखाली थंड झाली की तिचं पाणी होतं. कोकणातल्या पावसाळी हवेत, ३० अंशांना, मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा कंप्रेसर तासभर चालला तर साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी जमतं. हेच पाणी स्प्रे गनमधून आलं की रंगावर फोड येतात. म्हणून:

१. पाईपला दर मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या, कंप्रेसरपासून दूर जाणारा.
२. प्रत्येक फाटा मुख्य पाईपच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवा. पाणी तळाशी राहतं, हवा वरून जाते.
३. सगळ्यात खालच्या टोकाला ड्रेन कॉक बसवा. टाकीतलं पाणी रोज काढा.
४. फिल्टर कंप्रेसरला चिकटवून नको. हवा पाईपमधून थंड होऊन येते तिथे, म्हणजे वापराच्या जागी लावा.
५. कंप्रेसर आणि पाईप यांच्यामध्ये लवचिक होज ठेवा. नाहीतर थरथरीने जोड ढिले होतात.

सुरू करण्याआधी

दाब हळूहळू वाढवा आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. जोड खोलण्याआधी कंप्रेसर बंद करून लाईनमधली हवा पूर्ण सोडा. कंप्रेसरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कधीही बूच मारू नका.

पीव्हीसी आधीच बसवला असेल तर?

कंप्रेसर बंद करा, टाकी आणि लाईन रिकामी करा आणि पाईप बदलेपर्यंत थेट होज लावून काम करा. वरून टेप किंवा कापड गुंडाळणं हा उपाय नाही. काढलेला पाईप फेकायचीही गरज नाही. तडा गेलेला नसेल तर बागेला पाणी द्यायला वापरा. त्यावरचा ‘१० किलो’ पाण्यासाठीच लिहिलेला आहे.