पॅड बांधून बसलेला खेळाडू

नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय क्रिकेटचे विश्वविजेतेपद प्रथमच मिळविले. पावसामुळे लांबलेला सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षकांच्या पाया पडल्या, ते दृश्य घरोघरी पाहिले गेले. अमोल मुजुमदार हे त्या प्रशिक्षकांचे नाव अनेक तरुण प्रेक्षकांना तोवर अपरिचितच होते. ज्यांना ते परिचित होते, त्यांच्या मनात मात्र त्या आनंदासोबत एक जुनी रुखरुखही जागी झाली असेल.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची अभंग भागी केली. त्या विक्रमाची कथा महाराष्ट्रात सर्वांना तोंडपाठ आहे. त्या डावात पुढच्या क्रमांकावर जाण्यासाठी पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या या शिष्याने पुढे १९९४ साली फरिदाबाद येथे हरयाणाविरुद्ध रणजी पदार्पणात २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील पदार्पणाचा तो विश्वविक्रम २०१८ पर्यंत टिकला. १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, आणि २००६-०७ मध्ये मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी करंडक, एवढे सारे पदरी असूनही भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी आली नाही.

निवड समितीला दोष देणे सोपे आहे. पण तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण एकाच काळात उभे असताना मधल्या फळीत आणखी एक जागा कोठून आणावयाची, हाही प्रश्न खराच होता. तरीही वीस वर्षांत एखादा एकदिवसीय सामनासुद्धा वाट्याला येऊ नये, हे आमच्या मते नुसत्या दैवाच्या माथी मारता येणार नाही. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्याने तेही कसोटीवाचून राहिले. मुंबईच्या मैदानांना ही जातकुळी नवी नाही.

मुजुमदार २००९ मध्ये मुंबई सोडून आसामकडे व नंतर आंध्रकडे गेले, आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. दुबळ्या संघांत कोवळ्या खेळाडूंच्या सोबतीने खेळण्याचा तो काळ कारकिर्दीची उतरण म्हणून सांगितला जातो. आम्हाला मात्र त्यांच्या प्रशिक्षकपणाची उमेदवारी तेथेच झाली असे वाटते. पुढे राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षकपद आणि २०२१ पासून मुंबई संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्याच डिसेंबरात नेरूळच्याच खेळपट्टीवर भारताने इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरविले. मात्र २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ गटसाखळीतच बाद झाला, तेव्हा त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली.

२०२५ च्या स्पर्धेतही दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव पदरी पडले. इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले होते. वगळलेल्या खेळाडूला पुन्हा कसे उभे करावयाचे, हे कोणत्याही प्रशिक्षकापुढचे अवघड काम. बाकावर बसण्याचे दुःख ज्याने स्वतः भोगले आहे त्याला ते ग्रंथांतून शिकावे लागत नाही. पुढच्याच सामन्यात, नेरूळला न्यूझीलंडविरुद्ध, जेमिमा परतली ती तिसऱ्या क्रमांकावर आणि तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावांचा डोंगर रचला, तेव्हा तिच्याच नाबाद १२७ धावांच्या बळावर भारताने पाच गडी राखून तो ओलांडला. अंतिम सामन्याची गोष्ट तर त्याहून विलक्षण. प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळे जिला ऐन वेळी बोलावून घेतले, ती शफाली वर्मा मूळ चमूत नव्हतीच. तिने ८७ धावा फटकावल्या आणि वर दोन बळीही घेतले.

धावा प्रशिक्षक काढीत नसतो. त्यामुळे या विजयाचे सारे श्रेय मुजुमदारांना देणे म्हणजे त्या मुलींवर अन्याय करणे होय. दीप्ती शर्माचे ५८ धावा आणि पाच बळी हे दीप्तीचेच. आमचा मुद्दा निराळा आहे. प्रशिक्षक निवडताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याने देशाकडून किती सामने खेळले हा. मुजुमदारांच्या नेमणुकीच्या वेळीही तो दबक्या आवाजात विचारला गेलाच. रणजी सामन्यांत वीस-वीस वर्षे घाम गाळलेली आणि कीर्तीवाचून राहिलेली माणसे नाशकापासून सांगलीपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांपैकी कितीजणांना आपल्या शाळांनी, महाविद्यालयांनी आणि जिल्हा संघटनांनी मुलांसमोर उभे केले आहे, याची मोजदाद शिक्षकांनी आपापल्या गावी एकदा करून पाहावी. प्रतिकाचे नाव येथे पुन्हा घ्यावयास हवे: त्या रात्री नेरूळला संघ जल्लोष करीत असताना चाकांच्या खुर्चीत बसलेल्या प्रतिकाला सहकाऱ्यांनी मैदानाच्या मध्यभागी आपल्यात सामील करून घेतले होते.