छावणीतल्या दगडांवर आपलं आडनाव शोधताना

पणजोबा किंवा पणजी छावणीत राहत असल्याचं घरात कुणी सांगितलं असेल, तर सुरुवात दफनभूमीपासून करा. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हाच जा. झिजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. दगड घासू नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. नावाखाली बहुधा पलटणीचं नाव असतं, आणि खरा धागा तोच. औरंगाबादच्या या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेचं, घोडदळ होतं, जून १८५७ मध्ये त्यातल्या शिपायांनी उठाव केला होता. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

मग चर्चची बाप्तिस्म्याची वही. तिच्यात आईवडिलांची नावं असतात, बरेचदा बापाचा हुद्दाही. चर्चची परवानगी काढून, वेळ ठरवूनच जा.

बंगल्याचा माग जनरल लँड रजिस्टरात लागतो. छावणीत जमीन बहुतेक सरकारची, वास्तू तेवढी धारकाची, म्हणून सातबारा शोधत बसू नका.

परदेशातल्या नोंदींसाठी ब्रिटिश लायब्ररी आणि फिबिस ही ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणारी संस्था. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान् पिढ्या नामावळी जपतात, ही वहीही मला तितकीच मोलाची वाटते. घराणं पुढे ख्रिस्ती झालं असेल, तर धर्मांतरापूर्वीच्या पिढ्या कधी कधी तिथेच सापडतात.