ड्रोनचा परवाना – आणि रिमोट तुमच्याच हातात!

दहावीचं प्रमाणपत्र कुठं ठेवलंय तुम्ही? बहुतेक जणींचं ते ट्रंकेच्या तळाशी, शालूच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं. लग्नानंतर त्याचं कामच पडलं नाही, म्हणून तिथंच राहिलं. भगिनींनो, आज ते बाहेर काढा. कारण शेतावर फवारणी करणारा ड्रोन चालवण्याचा रीतसर परवाना हवा असेल, तर शिक्षणाची अट एवढीच आहे – दहावी पास. वय अठरा ते पासष्ट. विमान चालवणाऱ्या वैमानिकाला लागतं ते गणित-विज्ञान इथं कुणी विचारत नाही.

‘हे आपलं काम नव्हे’ असं म्हणून पान उलटू नका. २०१७ सालचा यवतमाळचा हंगाम आठवून पाहा. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, हातात मोजे नाहीत की तोंडाला फडकं नाही. त्या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. औषध कालवणं, हंडा-कळशीनं पाणी आणून देणं ही कामं तर आपल्याकडे बायकांचीच. ड्रोन आला की फवारणाऱ्याला पिकात शिरावं लागत नाही. बांधावर उभं राहून काम होतं. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एकरभर रान साधारण आठ-दहा मिनिटांत उरकतो. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, इथं आठ-दहा लिटरवर भागतं.

पण इथंच एक गोम आहे, आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. पाणी कमी झालं तरी औषध एकरी तेवढंच असतं. म्हणजे टाकीतलं मिश्रण कितीतरी पटीनं जहाल! विष पिकातून उठून आलं ते तुमच्या कालवायच्या बादलीत. म्हणून हातमोजे, मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे ड्रोनवालीलाही सुटत नाहीत. उलट जास्तच लागतात.

आता परवान्याकडे वळू. लोक ‘लायसन’ म्हणतात, आपणही परवानाच म्हणू. २०२१ च्या ड्रोन नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून कागदावर त्याचं नाव ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ आहे. ज्या मान्यताप्राप्त संस्थेत तुम्ही शिकता तीच संस्था परीक्षा घेते आणि तिच्यामार्फतच ते मिळतं. दिल्लीला खेटे घालायला नकोत. एकदा मिळालं की दहा वर्षं चालतं. पूर्वी अर्जाला पासपोर्ट लागे आणि खेड्यातल्या किती जणी तिथंच अडत! सप्टेंबर २०२३ मध्ये ती अट सैल झाली. आता मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन चालवण्याचा परवानाही चालतो.

मग अडतं कुठं? नावात! दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार आणि रेशनकार्डावर सासरचं. काहींचं तर सासरी पहिलं नावसुद्धा बदललेलं. अर्ज भरायच्या दिवशी हे लक्षात आलं तर धावपळ होते आणि तुकडीतली जागा जाते. तेव्हा आधीच विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. पहिलंच नाव बदललं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंदही करून घ्या. संस्थेला दोन्ही नावांचे कागद आधी दाखवा आणि काय चालेल ते विचारून घ्या. या एका कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, बरं का. शिकणं त्या मानानं लवकर होतं.

दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे वर्ग. ड्रोनचे वजनाप्रमाणे पाच वर्ग आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो. त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो. दोन ते पंचवीस किलोचा स्मॉल. पुढं मीडियम आणि लार्ज. भरलेल्या टाकीसकट वजन धरायचं, म्हणून फवारणीचा ड्रोन सहसा ‘स्मॉल’मध्ये बसतो. हौसेखातर छोटा मायक्रो उडवायला परवाना लागत नाही. पण त्याच मायक्रोवर लग्नाचं शूटिंग करून पैसे घेतलेत की लागतो. फवारणी करायची असेल तर ‘स्मॉल’चंच प्रशिक्षण घ्या. मायक्रोचं स्वस्त पडलं म्हणून ते घेऊन उपयोग नाही.

अभ्यास कसला असतो?

आधी वर्गातला अभ्यास. ड्रोनचे कायदे, तो उडतो कसा, हवामान, वाऱ्याचे प्रकार, विमानतळाच्या मनोऱ्याशी बोलायची पद्धत, देखभाल आणि अचानक काही बिघडलं तर काय करायचं ते. नियमांचा भाग पाठ करावा लागतो आणि तिथं इंग्रजी शब्द फार. त्यांना घाबरायचं कारण नाही. रोज दहा शब्द देवनागरीत लिहून फ्रीजवर चिकटवा, भाजी चिरता चिरता पाठ होतात.

नकाशाचे तीन रंग मात्र डोळे मिटून सांगता आले पाहिजेत. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात थेट केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग दोनशे फुटांपर्यंतच. त्याहून जवळ गाव असेल तर परवानगीशिवाय ड्रोन उचलायचा नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरच असतो, पण म्हणून नकाशा न पाहता चालत नाही. शिवाय नॅनो सोडून इतर ड्रोनना तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि ड्रोनची स्वतःची नोंदणी असते, गाडीच्या नंबरासारखी.

मग संगणकावर सराव, आणि त्यानंतर मैदान. रिमोटला दोन दांड्या. बहुतेक ठिकाणी डावीनं वर-खाली करायचं आणि तोंड फिरवायचं. उजवीनं पुढं-मागं आणि डावीकडे-उजवीकडे न्यायचं. ड्रोनची पाठ तुमच्याकडे आहे तोवर सगळं सोपं वाटतं. त्याचं तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि भल्याभल्यांची तिथं भंबेरी उडते. समोर बसलेल्या लेकीला बांगड्या भरताना तिचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो ना, तसंच हे. त्यात काही वेळ जीपीएस बंद करून उडवायला लावतात. मग ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि तो सारखा जागेवर आणावा लागतो. चौकोन, गोल, इंग्रजी आठचा आकडा, सगळं हळू करायचं. अंगठे सैल ठेवायचे. घाई झाली की दांडी जास्त ढकलली जाते. सुईत दोरा ओवणारे हात या कामाला कमी पडू नयेत, असं आपलं माझं मत.

बॅटरी: घरातलं नवं जोखमीचं सामान

या भागाकडे शिकतानाही दुर्लक्ष होतं आणि नंतरही. लिथियमच्या बॅटऱ्या ताकदवान असतात, तितक्याच तापट. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही, केरात टाकायची नाही. उडवून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही. आधी निवू द्यायची. चार्जिंग करताना स्वयंपाकघरात गॅसजवळ, देवघरात समईजवळ किंवा गाद्यांच्या ढिगाशेजारी ठेवायची नाही, आणि रात्री लावून झोपायचंही नाही. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर खराब होते. निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवावी. प्रत्येक बॅटरीवर ऑइलपेंटनं आकडा घाला आणि वहीत तिच्या फेऱ्या मांडा. बॅटऱ्या महाग असतात, बाई! धंद्याचा खरा खर्च तिथंच आहे.

टाकी आणि नोझल शेतावरच तीनदा विसळायचं. ते पाणी विहिरीत, ओढ्यात नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. वारा मोजायचं यंत्र संचात मिळालं तर ते कपाटात ठेवून देऊ नका. शेजारी तुतीची बाग असेल आणि औषध तिकडं उडालं, तर रेशमाचे किडे मरतात आणि भांडण तुमच्या दारात येतं.

परवाना कुणाचा, रिमोट कुणाचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी, पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची. किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत. उरलेल्या रकमेला कर्ज, त्याच्या व्याजात तीन टक्के सवलत. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण त्यातच: पाच दिवस पायलटचं, दहा दिवस शेतीच्या फवारणीचं. पुढं काय चालू आहे याची चौकशी तालुक्याच्या ‘उमेद’ कक्षात करा.

पण योजना असो वा नसो, घरोघर एकच गोष्ट घडू शकते. मशीन आलं की आठवडाभर कौतुक. मग ‘हे’ म्हणतात, “तू कशाला उन्हात उभी राहतेस? आण इकडे तो रिमोट.” सासूबाईंनाही ते बरं वाटतं. बघता बघता परवाना तुमचा, ड्रोन गटाचा आणि धंदा ह्यांचा!

असं होऊ देऊ नका, आणि भांडायचीही गरज नाही, कारण कायदाच तुमच्या बाजूनं आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्यानंच ड्रोन उडवायचा. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. हे त्यांना शांतपणे वाचून दाखवा. वर सांगा की योजनेत घरच्या माणसासाठीही जागा आहे. ड्रोन दुरुस्तीचं आणि मदतनिसाचं काम शिकण्यासाठी गटातल्या बाईच्या घरातलाच माणूस निवडता येतो. बॅटरी बदलायची, टाकी भरायची, टेम्पो आणायचा. हात भरपूर लागतात.

पैशाचा हिशेब आधी मांडून बघा. समजा, एकरी चारशे रुपये दर मिळाला आणि दिवसाला पंधरा एकर झाले, तर सहा हजार रुपये होतात. त्यातून मदतनिसाची मजुरी, गाडी, जनरेटरचं इंधन, कर्जाचा हप्ता आणि नव्या बॅटरीसाठी बाजूला काढायची रक्कम वजा करा. पाऊस लागला, वारा सुटला तर तो दिवस कोरडाच. सरकारचा अंदाज गटाला वर्षाला किमान लाखभर रुपये जादा मिळतील असा आहे. ती रक्कम गटाची आहे, एकटीची नव्हे. म्हणून गटाच्या बैठकीत चालवणारीचा रोज किती, ते आधीच ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या, आणि तो तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा होऊ द्या.

स्वखर्चानं शिकणार असाल तर फी संस्थेगणिक बदलते. साधारण तीस हजारांपासून पुढं धरून चाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. यादीत नाव नसेल तर तिथलं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच. पैसे भरण्यापूर्वी विचारा: शिकवणार मराठीतून, हिंदीतून की इंग्रजीतून? प्रत्यक्ष उडवायला माणशी किती वेळ मिळणार? नापास झालं तर पुन्हा परीक्षेचे वेगळे पैसे का? राहायची सोय आहे का, आणि तिथं बायकांसाठी वेगळी खोली आहे का? उत्तरं कागदावर घ्या. फोनवर तर सगळेच ‘हो हो’ म्हणतात.